पोटाखालचा पोचा

इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग रस्त्यावर कुणाला दिसत नाही. बॉनेट उघडून दाखवावं असं तिच्यात फारसं काही नसतं. जे आहे ते तळाशी, आपल्या पायांखाली बसवलेल्या एका चपट्या, जड पेटीत. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या पेटीचा. म्हणून अशी गाडी ठोकली की नुकसान दिसतं एकीकडे आणि असतं दुसरीकडे. बंपर फुटलेला दिसतो, हेडलॅम्पची काच रस्त्यावर सांडलेली दिसते, दरवाजा आत गेलेला दिसतो. पेटीच्या बुडाला पोचा पडला असेल, तर मात्र गाडी लिफ्टवर चढवावी लागते आणि कुणाला तरी तिच्या पोटाखाली मान वर करून उभं राहावं लागतं. भरपाईच्या रकमेवरून होणारे बरेचसे वाद, कुणी तसं उभं राहिलं की नाही, यावरच येऊन ठेपतात.

आमची गाडी नवले पुलाच्या उतारावर ठोकली. कात्रजचा नवा बोगदा संपला की नऱ्ह्यापर्यंत जो लांबलचक उतार लागतो, त्याच्यावरच्या अपघातांबद्दल पुण्यात वेगळं सांगावं लागत नाही. साताऱ्याकडून येणारं माणूस घरात पाऊल टाकेपर्यंत घरच्यांचं लक्ष फोनकडे असतं. मागून आलेल्या टेंपोने ढकललं, गाडी उजवीकडे गेली, पुढचं चाक दुभाजकाच्या कट्ट्यावर चढलं आणि तळ घासत खाली आला. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या तेव्हाच मोठा हिशेब मिटला होता. उरला तो पैशांचा.

वर्कशॉपने साडेसात लाखांचं एस्टिमेट दिलं. त्यातले पावणेसहा लाख एकट्या बॅटरी पॅकचे. विमा कंपनीचा सर्वेअर येऊन गेला आणि त्याच्या अहवालातला आकडा आला एक लाख दहा हजार. बंपर, हेडलॅम्प, फेंडर, दरवाजाचं डेंटिंग-पेंटिंग, चाकाची रिम, खालचा सस्पेन्शन आर्म. बॅटरीपुढे एवढंच: बाहेरून नुकसान दिसत नाही. त्याच्याखाली कंपनीचं पत्र, की बॅटरीत काही दोष असलाच तर तो विद्युत बिघाड समजला जाईल आणि विद्युत बिघाड पॉलिसीत येत नाही.

हा एक लाख दहा हजारांचा आकडा कुठून येतो, ते मी आधी समजून घेतलं. मोटार विम्याच्या पॉलिसीत घसाऱ्याचा एक तक्ता असतो. पत्र्याच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: पहिले सहा महिने काही नाही, वर्ष होईपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, असं चढत जातं. काचेला घसारा नाही. फायबर ग्लासला ३० टक्के. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, एअरबॅग आणि बॅटरी या सगळ्यांना सरसकट ५०, मग गाडी काल शोरूममधून निघालेली का असेना. रंगाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्याच्यावर निम्मा घसारा. सर्वेअर आधी प्रत्येक ओळीपुढे ठरवतो की भाग दुरुस्त करायचा की बदलायचा. मग तक्ता लागतो, मजुरीचा दर लागतो, मोडीची किंमत वजा होते, पॉलिसीधारकाने सोसायची सक्तीची रक्कम वजा होते, आणि खाली एक आकडा उरतो. बेरीज-वजाबाकी सहसा बरोबरच असते. चूक असते ती वरच्या ओळीत, जिथे भाग लिहिलाच गेलेला नसतो.

हा तक्ता ज्या इंडिया मोटर टॅरिफमधून आला ते १ जुलै २००२ पासून लागू झालं. प्रीमियमचे दर २००७ च्या जानेवारीपासून खुले झाले, पण पॉलिसीची भाषा आणि हा तक्ता तसाच चालत राहिला. २००२ साली आपल्याकडे इलेक्ट्रिक मोटार म्हणजे बंगळुरूची रेवा. ती आदल्याच वर्षी रस्त्यावर आलेली, छोटीशी, आणि तिच्यातही शिशाच्याच बॅटऱ्या. बाकी सगळ्या गाड्यांमध्ये बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा तो काळा डबा, तीन-चार वर्षांनी बदलायचा, जुना दुकानदाराला देऊन नव्याच्या किमतीतून थोडे पैसे कमी करून घ्यायचे. त्या डब्याला निम्मा घसारा लावणं रास्तच होतं. आज त्याच ओळीत साडेतीनशे-चारशे किलोचा, शेकडो व्होल्टचा पॅक बसवला जातो. त्याच्यावर निर्माते सर्रास ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. बनवणारा म्हणतो हा आठ वर्षं टिकेल, आणि तक्ता म्हणतो हा पहिल्याच दिवशी अर्धा संपला. दोन्ही कागदांवर माझीच सही आहे, एक गाडी घेताना केलेली आणि एक विमा घेताना.

आमच्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जोडकलम, होतं. त्याच्या अटींच्या बारीक अक्षरांत बॅटरी वगळलेली होती.

घरात यावर बरंच बोलणं झालं. माझे मोठे काका आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केलेले, कागदाला मानणारे. ते म्हणाले, “अगं, मिळतंय ते पदरात पाडून घे. मोठ्या कंपनीशी भांडून कुणाचं भलं झालंय?” त्यांच्या बोलण्यात काळजीच होती. आपल्याकडे विम्याच्या पैशांसाठी वाद घालणाऱ्या माणसाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, जणू तो फुकटचं काही मागतोय. मला हे मनापासून पटत नाही. विम्याचा पायाच असा आहे की नुकसानीपेक्षा एक पैसाही जास्त मिळता कामा नये. अपघातातून कुणी नफा कमावू नये. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग एक पैसाही कमी मिळता कामा नये, ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू झाली. जी ठोकरीच्या आदल्या दिवशी होती ती गाडी परत मागण्यात लाजण्यासारखं काय आहे? आणि इथे प्रश्न नुसता रकमेचा नव्हता. त्या सीटवर पुन्हा सासूबाई बसणार होत्या.

वर्कशॉपमध्ये आमची गाडी बाकीच्या गाड्यांपासून लांब, भिंतीच्या कडेला मोकळ्यात उभी करून ठेवली होती. भोवती पिवळी फीत. मार लागलेल्या लिथियम बॅटरीच्या बाबतीत हे करावंच लागतं. आतला एखादा सेल दबला असेल, त्याचे थर एकमेकांना टेकले असतील, तर तो लगेच काही दाखवेल असं नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनीही तापायला लागू शकतो. म्हणून अशी गाडी सुमारे पन्नास फुटांच्या मोकळ्या जागेत ठेवावी असं बचाव-पुस्तिकांत सांगितलेलं असतं. सर्वेअर आला त्या दिवशी तिला तिथून हलवलंच नव्हतं. त्याने उभ्या गाडीभोवती फिरून फोटो काढले होते. तळाचा एकही फोटो अहवालात नव्हता, आणि ‘बाहेरून नुकसान दिसत नाही’ हे वाक्य त्या अर्थाने खरंच होतं.

मी हाय-व्होल्टेजचं काम करणाऱ्या मुलाला विनंती केली की मला एकदा खालून बघू दे. मुलगा अंबाजोगाईचा, आयटीआय करून पुढे कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला. “ताई, दाखवतो, पण मी सांगेपर्यंत जवळ यायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही,” म्हणाला. त्याने आधी किल्ली दूर नेऊन ठेवली, बारा व्होल्टची छोटी बॅटरी सोडवली. मग जाड रबरी हातमोजे घेतले, प्रत्येक हातमोज्याचं तोंड वळवून, आत हवा कोंडून, ती कुठून निसटते का ते कानाशी धरून बघितलं. वरून चामड्याचे हातमोजे चढवले. सर्व्हिस प्लग ओढून काढून स्वतःच्या खिशात ठेवला. त्यानंतर तो नुसता उभा राहिला. कपॅसिटरमधला साठा उतरायला काही मिनिटं द्यावी लागतात. मग मीटर लावला, शून्य आलं, दुसऱ्यांदा लावला, पुन्हा शून्य. एवढं झाल्यावर गाडी लिफ्टवर वर गेली आणि त्याने मला बोलावलं.

जाड नारिंगी केबली शाबूत होत्या. त्यांच्या मागे, पेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे, तळहात मावेल एवढा पोचा होता. काळा लेप खरवडून गेला होता आणि खालची धातू चकचकत होती. पोच्याच्या कडेला एक बारीक चीर. चिरेपासून खाली गेलेला, सुकून पांढुरका झालेला कूलंटचा ओघळ. एका बोल्टचं डोकं उडालेलं. टॉर्चचा प्रकाश तिरका धरला तेव्हा चीर स्पष्ट दिसली. समोरून धरला की दिसेनाशी व्हायची. तो म्हणाला, “ताई, ही पेटी आयपी सदुसष्ट असते. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत थेंब जायला नको. आता हिचं तसं राहिलं नाही. उद्या पावसात सिंहगड रोडला गुडघाभर पाणी साचलं, तर मी कुणाला काय सांगू?” त्याने इन्सुलेशनची चाचणी केलेली होती. रीडिंग मर्यादेच्या खाली गेलं होतं, गाडीच्या संगणकातही तोच दोष नोंदलेला होता. आणि निर्माता फक्त बुडाची पेटी वेगळी पुरवत नाही; तडा गेला तर पूर्ण पॅक.

हे सगळं खरं असूनही वर्कशॉपचं एस्टिमेट मी जसंच्या तसं मानलं नाही. सुटे भाग विकण्यात वर्कशॉपलाही पैसा असतो, आणि जिथे दुरुस्ती होण्यासारखी असते तिथेही ‘बदला’ लिहायची सवय असते. दरवाजाच्या बाबतीत सर्वेअरचं बरोबर होतं. डेंटिंगने तो छान सरळ होणार होता, आणि वर्कशॉपने एस्टिमेटमध्ये नवा दरवाजा धरला होता. ती ओळ मी स्वतः सोडून दिली. बॅटरीच्या बाबतीत मात्र वर्कशॉपकडून तोंडी काही घेतलं नाही. चाचणीचं रीडिंग तारखेसह, दोषाचा कोड, खालचे फोटो, आणि पेटी वेगळी मिळत नाही असं निर्मात्याचं लेखी उत्तर, एवढं हातात आल्याशिवाय मी पत्र लिहायला बसले नाही.

आणखी एक धोका डोक्यात ठेवावा लागला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपलीकडे गेला की पॉलिसीप्रमाणे गाडी टोटल लॉस धरतात. आमची आयडीव्ही बारा लाख, म्हणजे सीमारेषा नऊ लाखांवर. बंपरमागचा रडार, काचेमागचा कॅमेरा, त्यांचं कॅलिब्रेशन, सबफ्रेम, असं एक-एक निघत गेलं तर साडेसातचे नऊ व्हायला वेळ लागत नाही. मग दीड वर्षाची चांगली गाडी भंगारात, आणि घरात नवं कर्ज. पेट्रोलच्या गाडीला एवढ्या ठोकरीने या रेषेजवळ जायची वेळ क्वचितच येते. इलेक्ट्रिक गाडीला एक पोचा तिथवर नेऊन ठेवतो. तेव्हा जे मोडलंय ते सगळं लिहून घ्यायचं आणि जे मोडलं नाही त्यातलं काहीही लिहू द्यायचं नाही, हा एकच सरळ मार्ग होता.

कायद्यात काय आहे ते वाचताना मला धीर येत गेला. सर्वेअर विमा कंपनीकडून नेमला जातो, पण तो परवानाधारक असतो आणि त्याने निःपक्ष मूल्यांकन करावं अशी अपेक्षा आहे. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा हक्क आपल्याला आहे. मागितल्याशिवाय ती सहसा येत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या अपघाताच्या प्रकरणात म्हटलं की सर्वेअरचा अहवाल हा महत्त्वाचा पुरावा असला तरी तो शेवटचा शब्द नव्हे. कंपनीवरही तो बंधनकारक नाही आणि विमेदारावरही नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात हेही आलं की पहिला अहवाल का नको याची कारणं न देता कंपनीला एकामागून एक सर्वेअर नेमत बसता येत नाही. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी बंद होतं: त्यांना मनासारखा आकडा येईपर्यंत माणसं बदलता येत नाहीत, आणि मला ‘सर्वेअरने सांगितलं म्हणजे झालं’ असं ऐकून घ्यावं लागत नाही.

कंपनीच्या विद्युत बिघाडाच्या मुद्द्याला मी असं उत्तर दिलं: बिघाड आपोआप झाला असता, चार्ज होत नाही, मोटर बंद पडली, तर तुमचं म्हणणं योग्य. इथे इन्सुलेशन गेलं ते पेटी फुटल्यामुळे, पेटी फुटली ती दुभाजकावर आदळल्यामुळे, आणि गाडी आदळली हे तुम्ही स्वतः मान्य करून एक लाख दहा हजार मंजूर केलेत. त्याच आदळण्याने बंपर फुटला तर अपघात, आणि पेटी फुटली तर बिघाड, हे कसं?

मधल्या काळात कंपनीने मंजूर रकमेचं डिस्चार्ज व्हाऊचर पाठवलं होतं, ‘पूर्ण आणि अंतिम’ अशा शब्दांसह. वर्कशॉपच्या प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी असंच व्हाऊचर सही करून दिलं होतं आणि आता आपला हक्क संपला असं धरून चालले होते. विमा नियामकाने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलेलं आहे की अशा सहीमुळे जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. मी त्यांना ते फोनवर उघडून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी माझ्या व्हाऊचरवर ‘उरलेल्या रकमेचा हक्क राखून’ असं हाताने लिहून सही केली.

माझ्या पत्रानंतर ठरलेल्या पुनर्तपासणीला तेच सर्वेअर आले. त्यांना पाहून मनात अढी होती, पण ती टिकली नाही. साठीकडे झुकलेले, शांत गृहस्थ. गाडी या वेळी लिफ्टवर तयार होती. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, मग सरळ होऊन बराच वेळ तो कोपरा पाहिला. टॉर्च स्वतःच्या हातात घेऊन तिरका धरला. म्हणाले, “मॅडम, पत्र्यावर टिचकी मारून मी सांगायचो आत काय झालंय ते. सगळी नोकरी त्याच्यावर गेली. ही पेटी काही बोलत नाही. आम्हाला हे कुणी नीट शिकवलं नाही.” त्यांनी अंबाजोगाईच्या त्या मुलाला चाचणी पुन्हा करायला सांगितली, रीडिंगचा फोटो घेतला, बोल्टचा घेतला, ओघळाचा घेतला. एका दिवसात त्यांना किती गाड्या बघाव्या लागतात तेही त्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. चुकलेलं पाहिल्यावर ते त्याच्यासमोरून हलले नाहीत.

त्यांच्या नव्या अहवालात ‘बॅटरी पॅक: बदलणे, अपघाताशी थेट संबंधित’ ही ओळ आली. त्या ओळीने विद्युत बिघाडाचा मुद्दा निकालात निघाला आणि कंपनीने पॅक मान्य केला. त्यावर तक्ता लागला, पावणेसहा लाखांचे निम्मे उडाले, आणि जुन्या पॅकची मोड म्हणून आणखी रक्कम वजा झाली. इथे मी पुन्हा थांबले आहे. ज्या पॅकची निम्मी किंमत झिजली म्हणून तुम्ही कापता, त्याच जुन्या पॅकमधले चांगले मोड्यूल मोडीत विकले जातील म्हणून वर पुन्हा पैसे कापता. आणि पेटी, शीतकरणाच्या पट्ट्या, जोडण्या, बोल्ट हे सगळं धातूचं. त्याला दुसऱ्या वर्षाचे १० टक्के लागायला हवेत, ५० नाहीत. पॉलिसीतल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो शब्द ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ घ्यावा, असं आपली न्यायालयं विम्याच्या बाबतीत अनेकदा म्हणत आलेली आहेत.

गाडी सोडवण्यासाठी कमी पडलेले पैसे आम्ही भरले. कर्जाचे हप्ते चालूच होते आणि घरात गाडीची गरज होती. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र गेलं, बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदली. एका महिन्यात समाधानकारक उत्तर आलं नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. काका माझ्याबरोबर तिथे आले. अर्जाला जोडलेले कागद त्यांनी स्वतः लावले, प्रत्येकाला क्रमांक घातला, आणि तळाच्या फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: पुढचा उजवा कोपरा, चीर बाणाने दाखवली आहे.

अर्जात मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. पॅकच्या धातूच्या भागांना धातूचा घसारा लावावा, आणि एकाच पॅकवर घसारा आणि मोड अशी दोनदा वजावट करू नये. सुनावणीची तारीख अजून यायची आहे.